पी-टू-पी सुविधेचा मराठी मजकूर: ‘परस्पर’ वाचून तुम्हाला काय कळतं?

घणसोलीची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी महाप्याला एका छोट्या कंपनीत स्क्रीनवरचा मजकूर लिहिते. बटणावर ‘पुढे’ असावं की ‘पुढे जा’, यावर भांडायचा मला पगार मिळतो. सध्या चार ओळींवर अडकलेय आणि ऑफिसात विचारून विचारून सगळे माझ्यापासून पळायला लागलेत, म्हणून इथे.

आमचं वेब-अ‍ॅप क्लासवाले वापरतात, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स पोरांना द्यायला. नौपाड्यातल्या दहावीच्या एका क्लासची तक्रार आली. शनिवारी दुपारी चाळीस पोरं एकदम एकच व्हिडिओ उतरवायला घेतात. व्हिडिओ ४०० एमबीचा, क्लासची लाइन एक. म्हणजे तीच वस्तू चाळीसदा, १६ जीबी, एका वायरीतून. चाक फिरत राहतं, सर शिकवायचं सोडून राउटर बंद-चालू करत बसतात.

डेव्हलपर मंडळींचा प्रस्ताव असा की पहिल्या दोन-तीन पोरांकडे व्हिडिओचे तुकडे आले की बाकीच्यांनी ते त्यांच्याकडूनच घ्यायचे. ब्राउझर ते ब्राउझर, वेबआरटीसीच्या (ब्राउझरांना आपसात जोडणारं तंत्र) डेटा चॅनलवरून. अजून काही बांधलेलं नाही. आधी प्रस्ताव क्लासच्या मालकांपुढे आणि पालकांपुढे जाणार आहे. त्याचं मराठी पान आणि अ‍ॅपमध्ये येणारा चार ओळींचा मजकूर माझ्याकडे.

मूळ कागदावर नाव होतं ‘पीअर असिस्टेड डिलिव्हरी’. आमच्या शब्दसूचीप्रमाणे त्याचं झालं ‘समवयस्क-सहाय्यित वितरण’. ज्येष्ठ नागरिक संघाची सहल निघालीय असं वाटलं. नुसतं ‘पी-टू-पी’ (पीअर-टू-पीअर, एकाच्या यंत्राकडून दुसऱ्याच्या यंत्राकडे) ठेवावं तर आमच्या अकाउंट्सवालीला यूपीआय आठवलं. तिच्या जगात पी-टू-पी म्हणजे माणसाने माणसाला पाठवलेले पैसे.

मग मी शुद्ध, सभ्य वाक्य लिहिलं: ‘आपल्या व इतर विद्यार्थ्यांच्या उपकरणांमध्ये डेटाचे परस्पर हस्तांतरण केले जाईल.’ खूश होऊन घरी आणलं. सासूबाई निवृत्त शिक्षिका. चष्मा वर करून म्हणाल्या, “परस्पर? म्हणजे आम्हाला न विचारता?”

खाली सोसायटीचे सेक्रेटरी काका भेटले, त्यांना दाखवलं. ते ‘हस्तांतरण’वर थांबले. “ट्रान्स्फर फी किती?” अर्धी चेष्टा होती, पण पुढचा प्रश्न चेष्टेचा नव्हता: “मग व्हिडिओ माझ्या नातवाकडे राहणार की जाणार?” सिडकोच्या जमिनीवरच्या घरात राहणाऱ्या माणसाने हा शब्द फक्त घराच्या कागदांवर वाचलेला असतो. तिथे हस्तांतरण झालं की पहिल्याच्या हातात काही उरत नाही.

‘परस्पर’ काढून ‘थेट’ घातलं. ऑफिसच्या खाली चहाच्या टपरीवर एका बाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “थेट म्हणजे लाइव्ह ना? कॅमेरा चालू होणार का पोरीचा?”

आता माझ्याकडे तीन मसुदे आहेत.

अ. ‘व्हिडिओ आता अधिक वेगाने मिळवा.’ हा साहेबांचा लाडका.
ब. ‘वर्गमित्रांना मदत करा.’
क. ‘तुमच्या फोनमधून इतरांच्या फोनवर व्हिडिओचे भाग पाठवले जातील.’

कोड तोच, सुविधा तीच. कोपरखैरणे स्टेशनबाहेर आणि लेकीच्या शाळेच्या गेटवर ओळखीच्यांना फिरवून फिरवून दाखवले. ‘अ’ला अंगठा ‘हो’वर जातो, वाचून होण्याआधीच. ‘ब’ला पोरं हसतात आणि ‘हो’ करतात. ‘क’ला अंगठा हवेतच राहतो.

आधी मला वाटलं, चला, ‘क’ खरं बोलतो, म्हणून लोक घाबरतात. पण एका आईने विचारलं, “फोनमधून म्हणजे फोटो पण?” तेव्हा खटकलं. वेबपान न विचारता गॅलरीत हात घालू शकत नाही. जातो तो फक्त त्या पानात उतरलेला व्हिडिओ. म्हणजे ‘क’ खरा असूनही वाचणाऱ्याला खोटं समजतं. आणि ‘अ’ तर निम्मंच सांगतो.

हे सगळं एवढं चघळतेय कारण ब्राउझर इथे काहीच विचारत नाही. कॅमेरा, माईक लागला तर परवानगीची खिडकी येते. नुसत्या डेटा चॅनलला येत नाही. माझ्या चार ओळी सोडून त्या पोराला कोणी काही सांगणार नाहीये.

तर सांगा: शब्द कोणता? आणि आधी ‘मिळेल’ लिहू की आधी ‘जाईल’?

---

रात्रपाळी_राउटर

ताई, मराठीचं तुम्ही बघा, पण ‘थेट’ काढलंत ते बरं केलंत. कॅमेऱ्याची भीती सोडा, ते बऱ्याचदा खरंच नसतं. मी घोडबंदर रोडला इंटरनेटच्या लाइनी सांभाळतो, रोज हेच बघतो.

दोन ब्राउझरना एकमेकांचा पत्ता माहीत नसतो. प्रत्येक जण आधी स्टन सर्व्हरला विचारतो, ‘बाहेरून मी कोणत्या पत्त्यावर दिसतो?’ टॉवरमधल्या माणसाला फ्लॅट नंबर ठाऊक असतो पण गेटवर बिल्डिंगचं नाव काय लावलंय ते ठाऊक नसतं, तसं. मग ते पत्ते एकमेकांना पोचवावे लागतात. ते कसे पोचवायचे हे वेबआरटीसीच्या मानकाने मुद्दाम ठरवलेलं नाही. ते काम तुमच्या सर्व्हरने करायचं. त्यामुळे पालकांच्या पानावर ‘सर्व्हरशिवाय’ असं कुणी घुसडलं असेल तर तेही काढा.

पुढची गंमत मोबाइल डेटावर. कंपन्या हजारो गिऱ्हाइकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी १००.६४.०.० पासूनचा अख्खा पट्टा २०१२ मध्ये वेगळा राखून ठेवलाय. दोन्हीकडे असा पहारेकरी असला की कधीकधी दार उघडतच नाही. मग टर्न नावाचा मध्यस्थ सर्व्हर लागतो आणि सगळा माल त्याच्यातून जातो. मजकूर डीटीएलएस नावाच्या सांकेतिक कुलपाने बंद असतो, मध्यस्थाला आत बघता येत नाही. पण तुमची १६ जीबीची बचत गेली खड्ड्यात, कारण तो मध्यस्थ सर्व्हर भाड्याने घेणार तुम्हीच.

एकाच वाय-फायवर सगळे असले की काम सोपं असं वाटतं ना? क्लासच्या राउटरमध्ये आयसोलेशन चालू असेल तर शेजारच्या बाकावरचे दोन फोन एकमेकांना दिसत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर ते बहुधा चालूच असतं. आधी तो टिकमार्क बघा, मग मराठी करा.

अजून दोन गोष्टी मजकुरात हव्यात. एक, मोबाइल डेटात अपलोडही मोजला जातो. दोन, समोरच्या ब्राउझरला तुमचा सार्वजनिक आयपी पत्ता कळतो. घरातला स्थानिक पत्ता हल्लीचे ब्राउझर ‘.लोकल’ने संपणाऱ्या फसव्या नावामागे लपवतात, बाहेरचा नाही लपत. सगळे क्लासच्या वाय-फायवर आहेत तोवर त्याचं फारसं काही नाही, बाहेरचा पत्ता बहुधा एकच. पण पोरगा रात्री घरून बघत असेल तर?

---

तलावपाळी_कट्टा

एवढा कीस कशाला? कोणी वाचत नाही. बाय डिफॉल्ट चालू ठेवा, सेटिंगमध्ये कुठेतरी बंद करायची सोय द्या, विषय संपला. रेशनच्या रांगेत पण एवढं विचारत नाहीत.

---

जुना_फ्लॅशवाला

कट्टेकर, तुम्ही म्हणताय ते २०१५ मध्ये करून झालंय. विंडोज १० आलं तेव्हा त्यात अपडेट्स आजूबाजूच्या कॉम्प्युटरांकडून घ्यायची सोय होती. सेटिंगचं नाव साधारण ‘एकाहून अधिक ठिकाणांहून अपडेट्स’. होम आणि प्रो आवृत्त्यांत चालू स्थितीतच आलं होतं. मथळा वाचून वाटतं, वा, मला चार ठिकाणांहून मिळणार. तुमचा कॉम्प्युटरसुद्धा इंटरनेटवरच्या अनोळखी कॉम्प्युटरांना तुकडे पाठवणार, हे खालच्या बारीक मजकुरात. लोकांना कळलं तेव्हा बराच आरडाओरडा झाला. पुढे नाव बदललं ते ‘इतर पीसींकडून डाउनलोडला परवानगी’ असं. परत डाउनलोडच! बाहेर जाणाऱ्याचं नाव मथळ्यात आलंच नाही.

त्याच्या आधी ब्राउझरात व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरच्या १०.१ आवृत्तीत, २०१० साली, हीच कल्पना होती: एकच व्हिडिओ बघणाऱ्यांनी एकमेकांना तुकडे द्यायचे. त्याच्या सेटिंगच्या पानावर मात्र बँडविड्थ वाटून घेण्याची भाषा होती. मी तेव्हा फ्लॅशमध्ये पोटापाण्याचं काम करायचो, म्हणून लक्षात आहे. देखणं नव्हतं, पण काय द्यावं लागणार ते वाचून कळायचं.

ब्राउझर का विचारत नाही, त्यामागेही नावाचा थोडा हात आहे असं माझं मत. गूगलने २०११ मध्ये वेबआरटीसीचा कोड खुला केला तो ‘रिअल-टाइम कम्युनिकेशन’ या नावाने. नाव ऐकलं की डोळ्यांपुढे व्हिडिओ कॉल. सगळ्यांची नजर कॅमेरा आणि माईकवर, परवानगी त्यांनाच. डेटा चॅनल मागच्या सीटवर बसून आलं. जानेवारी २०२१ मध्ये डब्ल्यू३सीची (वेबची मानकं ठरवणारी संस्था) अंतिम शिफारस झाली तोवर ते घरचंच झालं होतं. तेच जर कोणी ‘तुमच्या ब्राउझरला छोटा सर्व्हर बनवणारी सुविधा’ म्हणून मांडलं असतं, तर पहिल्याच बैठकीत दहा हात वर झाले असते.

---

शब्दांचा_हमाल

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे पकडलं ते आमच्यातल्या पगारी भाषांतरकारांना सुटतं.

‘परस्पर’ शब्दाचं असं आहे: नामाला चिकटून आला की सज्जन. परस्पर सहकार्य, परस्पर संमती. क्रियापदाशेजारी एकटा उभा राहिला की लबाड. ‘चेक परस्पर वटवला.’ ‘जमीन परस्पर विकली.’ तुमच्या वाक्यात तो ‘हस्तांतरण’ला चिकटलेला आहे, म्हणजे व्याकरणाने सज्जन. पण ‘परस्पर हस्तांतरण’ हे दोन शब्द शेजारी आले की ठाणे जिल्ह्यात कोणालाही सातबारा आठवणार. व्याकरण जिंकलं आणि तुम्ही हरलात.

दुसरं, ‘पाठवले जातील’. कोण पाठवणार? सरकारी पत्रातलं ‘कार्यवाही करण्यात येईल’ याच घराण्यातलं आहे हे. कर्ता गायब झाला की वाचणारा त्या जागी स्वतःच्या मनातला चोर बसवतो. कर्ता लिहा. ‘तुमचा ब्राउझर देईल.’ भीती निम्मी उतरते.

तिसरं, ‘फोनमधून’. त्या आईचं काही चुकलं नाही. फोनमध्ये सगळं आयुष्य असतं, ‘मधून’ म्हटलं की ते सगळं हलतं. ‘या पानावर उतरलेला व्हिडिओ’ म्हणा. कुंपण शब्दातच पडतं.

आणि कट्टेकर, पोरं दहावीची आहेत. १८ च्या खालची. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे. त्यामुळे ‘कोणी वाचत नाही’ हे कंपनीच्या वकिलासमोर म्हणून बघा.

---

दहावीची_आई_ऐरोली

मी तंत्रातली नाही, पण तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिताय ती मीच आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे रोजचा दीड जीबी. चिरंजीवांचा अकरा वाजेपर्यंत संपतो, मग माझ्या फोनचा हॉटस्पॉट मागतो. गेल्या महिन्यात कुठल्यातरी अ‍ॅपने रात्रभर काहीतरी वर चढवलं आणि सकाळी माझ्या ऑफिसचा ओटीपीचा मेल उघडेना. त्यामुळे वेग वगैरे ठीक आहे, मला पहिल्यांदा हे कळायला हवं की माझा डेटा जाणार का. ‘वाय-फाय असेल तेव्हाच’ हे तीन शब्द असतील तर मी डोळे झाकून ‘हो’ करीन.

‘मदत करा’ कृपया नको. क्लासच्या ग्रुपवर ‘मदत’ आली की नाही म्हणणारी आई वाईट ठरते. वर्गणीच्या पावतीसारखं होतं ते. सोय आहे तर सोय म्हणा, पुण्य कशाला करायला लावताय?

बरं, मला एक सुचतंय, हसू नका. पहिल्यांदा वाटलं डब्याची उपमा द्यावी, पोरं डबा वाटून खातात. पण भाजी दिली की आपल्या डब्यातली कमी होते, आणि सेक्रेटरी काकांचा प्रश्न परत उभा राहतो. त्यापेक्षा वही. पोरगा आजारी पडला की आपण काय म्हणतो? “मित्राकडून वही उतरवून घे.” देणाऱ्याची वही देणाऱ्याकडेच राहते. देणाऱ्याला थोडा त्रास होतो, एक संध्याकाळ वही नसते. घेणाऱ्याचं काम होतं. आणि उतरवणं तर तुम्ही डाउनलोडलाही म्हणताच की. तुमच्याच प्रश्नात आलंय.

---

शब्दांचा_हमाल

ऐरोलीच्या ताई, मी वीस वर्षं पोती उचलतोय आणि हे पोतं माझ्या पायाशीच पडलं होतं.

---

रात्रपाळी_राउटर

वहीचं पटलं. फक्त ‘वाय-फाय असेल तेव्हाच’ लिहाल तर तसं बांधायलाही लावा. वेबपानाला फोन वाय-फायवर आहे की मोबाइल डेटावर हे सगळ्या ब्राउझरांत नीट कळत नाही. आयफोनच्या सफारीत तर ती माहिती मिळतच नाही. आणि हॉटस्पॉट लावला की घेणाऱ्या फोनला ते वाय-फायच वाटतं. ताईंच्या घरी नेमकं तेच होणार. मजकुरात वचन दिलंत आणि कोडला ते पाळता आलं नाही तर शिव्या तुम्हाला.

---

तलावपाळी_कट्टा

बरं बाबा. पण एक सांगतो, साहेब ‘अ’च निवडणार. बघाल.

---

घणसोलीची

उशिरा लिहितेय, माफ करा. दोन दिवस याच्यातच गेले.

राउटर दादा, तुमचा हॉटस्पॉटचा मुद्दा डेव्हलपरांना सांगितला. एकजण म्हणाला ‘एज केस आहे’, म्हणजे क्वचितच होणारं. मी त्याला ऐरोलीच्या ताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. मग ठरलं की ‘वाय-फाय’ हा शब्दच नको. पोराने क्लासमध्ये बसून ‘मी वर्गात आहे’ असं बटण दाबलं तरच चालू होईल, आणि क्लासची वेळ संपली की आपोआप बंद. म्हणजे घरून रात्री आयपी पत्ता कळण्याचा प्रश्नही राहत नाही. मजकुराने सुविधा बदलली असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच झालं. नौपाड्याच्या सरांना फोन करून आयसोलेशनचं विचारलं. ते म्हणाले, “ते काय असतं?” आज आमचा माणूस जाऊन बघून आला. चालू होतं.

साहेबांशी तासभर वाजलं. कट्टेकर, तुमचा अंदाज अगदी बरोबर होता, त्यांना ‘अ’च हवा होता. मी विंडोजचं उदाहरण दिलं, त्यांना आठवलं, त्यांनी स्वतः तेव्हा ते बंद केलं होतं! तिथून सूर बदलला. शेवटी मथळ्यात त्यांना ‘वेग’ हवाच होता, तो मी दिला नाही. त्याच्याऐवजी ‘थांबावं लागणार नाही’ दिलं होतं, पण राउटर दादांचं वाचून तेही खोडलं. टर्नवरून गेलं तर थांबावं लागणारच. आता ‘कमी थांबावं लागेल’ आहे.

‘देईल’ आणि ‘घेईल’ कुठलं आधी, याचं उत्तर वहीनेच दिलं. वही मागताना पोरं आधी स्वतःची गरज सांगतात, आणि लगेच कोणाची वही ते सांगतात. म्हणून दोन्ही एकाच वाक्यात बसवलं, मध्ये पूर्णविराम येऊ दिला नाही. पूर्णविराम आला की तिथेच अंगठा ‘हो’वर जातो, हे स्टेशनबाहेर बघितलंय.

सध्याचा मसुदा:

‘एकमेकांकडून उतरवून घ्या
वर्गात असताना तुमचा ब्राउझर या व्हिडिओचे तुकडे वर्गातल्या इतरांकडून घेईल आणि त्यांनाही देईल, म्हणजे सगळ्यांना कमी थांबावं लागेल.
फक्त हा व्हिडिओ दिला जातो. फोनमधलं दुसरं काही नाही. व्हिडिओ तुमच्याकडेही राहतो.
मोबाइल डेटा वापरत असाल तर तुमचा डेटा खर्च होईल.’

खाली दोन बटणं, ‘चालेल’ आणि ‘नको’. साहेबांना ‘नको’च्या जागी ‘आत्ता नको’ हवंय, म्हणजे उद्या परत विचारता येईल. त्यावर सोमवारी भांडायचंय. हमाल दादा, ‘दिला जातो’मध्ये कर्ता परत गायब झालाय, मला माहितीये. ‘ब्राउझर फक्त हा व्हिडिओ देतो’ करते.

सासूबाईंना काल रात्री दाखवलं. पूर्ण वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “हे कळलं. पण ‘चालेल’ म्हटल्यावर मध्येच बंद करायचं असेल तर कुठून?”

ते मी लिहिलेलंच नव्हतं.

---

दहावीची_आई_ऐरोली

ती ओळ डेटाच्या ओळीला चिकटून लिहा, तिथेच आठवते बंद करायची. आणि सासूबाईंना नोकरीवर ठेवून घ्या.